‘यापुढे त्रास देणार नाही’: हमीपत्र मोडले की काय होते?

घटस्फोट असो, घरमालक-भाडेकरूचा तंटा असो की पाठलागाची तक्रार, प्रकरण तडजोडीवर आले की वकील एक वाक्य हमखास घालतात: ‘प्रतिवादी यापुढे अर्जदाराला कोणत्याही प्रकारे त्रास देणार नाही.’ आरोप कबूल करावा लागत नाही, साक्षीपुरावाही टळतो. सही करताना मात्र ही हमी नेमकी कोणाला दिली, कोर्टाला की समोरच्या पक्षाला, हे फारसे कोणी विचारत नाही. पुढे सगळे त्यावरच अडते, कारण कोर्टाला दिलेली हमी मोडणे हा कोर्टाचा अवमान ठरतो.

१९२६ च्या न्यायालय अवमान कायद्याने शिक्षेची मर्यादा घातली, पण अवमान म्हणजे काय ते सांगितलेच नाही. १९५२ च्या कायद्यातही व्याख्या नव्हती. १९६१ मध्ये सन्याल समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालानंतर आलेल्या १९७१ च्या कायद्यात ‘दिवाणी अवमान’ स्पष्ट झाला: कोर्टाचा आदेश जाणूनबुजून न पाळणे किंवा कोर्टाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे.

‘कोर्टाला’ या अटीवर १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले. सहमतीच्या आदेशात स्पष्ट हमी नसेल तर ती गृहीत धरता येणार नाही, असे सांगून अवमानाची शिक्षा रद्द झाली. २००६ मध्ये मुंबईतील एका हॉटेल व्यावसायिक कुटुंबाच्या वादात हा दृष्टिकोन सैल झाला: सहमतीने झालेला आदेशही शेवटी कोर्टाचाच, तो मोडणे हाही अवमान. तरीही जाणते वकील ‘कोर्टाला हमी देतो’ असे स्पष्ट लिहून घेतात, आणि ते बरोबरच आहे.

शिक्षा? सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड. दंडाचा हा आकडा १९२६ पासून हललेला नाही! अयोध्याप्रकरणी दिलेली हमी न पाळल्याबद्दल १९९४ मध्ये उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याण सिंह यांना एक दिवसाची कैद आणि २,००० रुपये दंड झाला होता.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली (२००५) संरक्षण आदेश, म्हणजे हिंसाचाराला मनाई करणारा कोर्टाचा आदेश, मोडणे हा गुन्हाच आहे. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, पोलीस थेट कारवाई करू शकतात. ते कलम फक्त संरक्षण आदेशाचे नाव घेते, हमीपत्राचे नाही. म्हणजे आदेशाऐवजी हमीवर समाधान मानलेल्या बाईला पोलीस ठाण्याचा हा रस्ता मिळत नाही. हमी खालच्या कोर्टात दिलेली असली तरी अवमानाची शिक्षा उच्च न्यायालयच देते, आणि तिथे एका वर्षाच्या आत जावे लागते.