तीन लेट मार्क म्हणजे एक दिवसाचा पगार कट? असा कायदा नाहीये

महिन्यात तीनदा उशीर झाला की एक दिवसाचा पगार कापायचा कंपनीला कायदेशीर अधिकार आहे, हे इतक्या वर्षांपासून फिरतंय की एचआरवाले पण बिनधास्त सांगतात. कायद्यात असं काहीच नाहीये.

आधीच्या 1936 च्या वेतन कायद्याचं कलम 9 बघा. जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता तेवढ्याच वेळेचे पैसे कापता येतात, आणि त्याच्या जागी नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या 2019 च्या वेतन संहितेत, म्हणजे पगाराच्या नव्या कायद्यात पण हेच तत्त्व ठेवलंय. आता हिशोब करा, दिवसाला 800 रुपये पगार, 8 तासांची ड्युटी, 15-15 मिनिटं तीनदा उशीर म्हणजे एकूण 45 मिनिटं, त्याचे होतात 75 रुपये, आणि कापतात पूर्ण 800! हे चूकच आहे, लोकल लेट झाली म्हणून कोणाच्या घरातला किराणा का कमी व्हावा?

दंड लावायची वेगळी सोय आहे, पण आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि एका पगारात दंड 3 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे 20,000 पगार असेल तर जास्तीत जास्त 600.

सरकारी ऑफिसात किरकोळ रजा कापतात ती गोष्ट वेगळी, तिथे रजा जाते, पगार नाही.

म्हणून रोज उशिरा आलं तरी चालतं असं नाही हां. मेमो, वॉर्निंग, चौकशी हे सगळं कंपनी करू शकते. पगार स्लिपवर कपात दिसली की किती मिनिटांची आहे ते लेखी मागा.