बदक आणि टर्की: अंडी फलित नसतील तर दोष कुठे शोधायचा?

उबवणीच्या आठव्या दिवशी अंडी उजेडासमोर धरली आणि निम्म्यांत रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलंच नाही, की पहिला संशय नरावर जातो. बदक असो वा टर्की, उपाय एकच केला जातो: नर बदला. दोघांची अंडी २८ दिवसांत उबतात (मस्कोवी बदकाला मात्र ३५ दिवस लागतात), पाच-सहा माद्यांमागे एक नर हा हिशेबही दोघांना लावला जातो. त्यामुळे ही गल्लत समजण्यासारखी आहे. पण या दोन पक्ष्यांचं प्रजनन फार वेगळं चालतं.

समान गोष्टी आधी सांगून टाकतो. दोघांचीही वृषणं पोटात, पाठीच्या कण्याला लागून असतात आणि जवळपास ४१ अंश सेल्सिअसला शुक्राणू तयार करतात. सस्तन प्राण्यांसारख्या पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथी नसल्यामुळे वीर्य थोडं पण दाट असतं. दिवस मोठा झाला की वृषणं वाढतात, हंगाम संपला की आक्रसतात.

फरक सुरू होतो तो अवस्करापाशी, म्हणजे विष्ठा, मूत्र आणि वीर्य किंवा अंडं ज्या एकाच द्वारातून बाहेर पडतं तिथे. नर बदकाला मळसूत्रासारखं वळलेलं लिंग असतं. एरवी ते आत घडी घालून बसलेलं असतं. मीलनाच्या वेळी रक्ताऐवजी लसिकेच्या (लिम्फ या शरीरद्रवाच्या) दाबाने ते अर्ध्या सेकंदाच्या आत बाहेर येतं, आणि वीर्य त्याच्या आतून न वाहता बाहेरच्या खाचेतून वाहतं. टर्कीच्या नराला असं लिंग नसतं, फक्त फुगणाऱ्या छोट्या घड्या असतात. दोघांची द्वारं टेकली की काम झालं, पण त्यासाठी नराला मादीच्या पाठीवर तोल सांभाळावा लागतो. रुंद छातीच्या व्यापारी जातींत नर इतके अवजड झालेत की त्यांना ते जमत नाही, म्हणून जगभर त्यांची पैदास कृत्रिम रेतनावर चालते. आपल्याकडे परसात पाळल्या जाणाऱ्या हलक्या टर्की मात्र स्वतः मीलन करतात.

टर्कीचं वीर्य काढायला दोन माणसं लागतात. एकजण नराला धरतो, दुसरा पाठ आणि पोट शेपटीकडे चोळत नेतो व शेवटी अवस्कर हलकेच दाबतो. मिळतं जेमतेम पाव मिलिलिटर, पण दर मिलिलिटरमध्ये ६०० ते १००० कोटी शुक्राणू असू शकतात. चांगलं वीर्य सायीसारखं दाट, मोतिया पांढरं दिसतं. त्यात खडूसारखे कण दिसले तर ते मूत्रातले क्षार, हिरवट-तपकिरी रंग असेल तर विष्ठा मिसळलेली. पिवळं वीर्य मात्र गंभीर समजा: त्यात प्रथिनं जास्त आणि सदोष शुक्राणू पुष्कळ असतात. काही नर वारंवार असंच वीर्य देतात, त्यांना पैदाशीतून काढणंच योग्य. काढलेलं वीर्य बंद बाटलीत तसंच ठेवू नका. टर्कीच्या शुक्राणूंना ऑक्सिजन लागतो, म्हणून ते विरळ करून, थंड ठेवून हलवत राहावं लागतं.

बदकात दोष बरेचदा नुसत्या डोळ्यांना दिसतो. लिंग आत न जाता लोंबकळत राहिलं, सुजलं, त्याला जखम झाली, तर तो नर लगेच वेगळा करा. अंगाने जड बदकांना पोहण्याइतकं पाणी मिळालं तर मीलन सोपं होतं. नर बदलण्याआधी हौदाकडे पाहा, हे मी आवर्जून सांगेन.

सगळ्यात मोठा फरक मादीत आहे. दोन्ही माद्यांच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. टर्कीची मादी एका रेतनावर दहा आठवड्यांपर्यंत फलित अंडी देऊ शकते. व्यवहारात मात्र आठवड्याला एकदा रेतन करतात, कारण प्रमाण हळूहळू घसरत जातं. बदकीण आठवडा-दहा दिवसांतच कमी पडू लागते. मस्कोवी नर आणि साध्या बदकिणीच्या संकरात, ज्यातून वांझ ‘म्यूल’ बदकं होतात, हा काळ आणखी आखूड. म्हणूनच तैवानमध्ये १९९२ पासून तपकिरी त्साइया बदकिणींची निवड एका रेतनानंतर मिळणाऱ्या फलित अंड्यांच्या संख्येवर केली जाते.

म्हणजे बदकांत नर बिघडला तर दोन आठवड्यांत अंडी सांगतात. टर्कीत मादीकडे आधीचा साठा असतो, त्यामुळे आजची चांगली अंडी महिनाभरापूर्वीच्या नराची असू शकतात. तिथे अंड्यांची वाट पाहू नका, नराचं वीर्य तपासा. नर बदलला तरी पुढचे काही आठवडे जुन्या नराची पिल्लं निघू शकतात, म्हणून वंशाची नोंद ठेवत असाल तर त्या अंड्यांवर नव्या नराचं नाव लिहू नका.