‘माय फादर आर अ फार्मर’ : एका चुकीची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासल्या, की दोन वाक्यं पाठोपाठ भेटतात. ‘माय मदर इज अ हाउसवाइफ’ बरोबर लिहिलेलं असतं आणि त्याच्याच वर ‘माय फादर आर अ फार्मर’. पोराला नियमच माहीत नसता तर दोन्हीकडे गोंधळ दिसला असता. इथे चूक अगदी शिस्तीत होते. घरात ‘आई आली’ म्हणतात आणि ‘बाबा आले’ म्हणतात, तेच इंग्रजीत उतरतं. शेजारची कानडी तरी सावरून घेईल म्हणावं, तर तिथेही सर आले की ‘सर बंदरु’, म्हणजे अनेकवचनच.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापद आपल्या ‘मी जातो, तू जातोस, ते जातात’सारखं पुरुष-वचनाप्रमाणे बदलायचं. शब्दांच्या शेवटचे उच्चार पुसट होत गेले आणि प्रत्यय एकेक करून गळाले. तृतीय पुरुषी एकवचनाला दक्षिणेत ‘एथ’ लागायचा, उत्तरेत ‘एस’. उत्तरेकडचा ‘एस’ सोळाव्या-सतराव्या शतकांत लंडनच्या बोलण्यात रुळला, तरी १६११च्या बायबलच्या भाषांतरात जुना ‘एथ’च छापला गेला. आज बहुतेक क्रियापदांना वर्तमानकाळात तेवढा एक ‘एस’ उरला आहे आणि नेमका तोच आपल्या मुलांकडून सुटतो. सुटणारच. नामाला ‘एस’ लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन. ‘बॉय प्लेज, बॉइज प्ले’ हे फळ्यावर एकाखाली एक मांडल्याशिवाय कुणाला पटत नाही.

पण खरी भानगड ‘यू’ची आहे. मुळात ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’चं घराणं अनेकांसाठी. मध्ययुगात फ्रेंच रिवाजाच्या वळणाने मोठ्या माणसाला एकटा असला तरी ‘यू’ म्हणायची पद्धत पडली. होता होता हा मान सगळ्यांनाच मिळू लागला आणि ‘दाऊ’ बहुतेकांच्या रोजच्या बोलण्यातून गेला. आता एकट्या माणसाला ‘यू’ म्हटलं तर पुढे ‘वॉज’ म्हणायचं की ‘वेअर’? अठराव्या शतकात चांगली शिकलेली माणसंसुद्धा पत्रांत एकाला ‘यू वॉज’ आणि अनेकांना ‘यू वेअर’ लिहीत. सोय उत्तम होती. ‘दाऊ’बरोबर हरवलेला वचनाचा फरक क्रियापदातून परत मिळत होता.

१७६२ मध्ये पुढे लंडनचा बिशप झालेल्या एका धर्मगुरूने आपल्या छोट्या व्याकरणात ‘यू वॉज’ ही घोर अशुद्धी ठरवली. पहिल्या प्रतीचे लेखकही हे लिहितात, हे त्याच नोंदीत त्याने मान्य केलं आहे! अमेरिकेहून यॉर्कजवळ येऊन स्थायिक झालेल्या एका वकिलाने १७९५ मध्ये मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिलं. ते अफाट खपलं आणि असले दंडक शाळाशाळांत पोचले. अलीकडे असंही मांडलं जातं की निषेधाच्या सुमारास ‘यू वॉज’ उतरणीला लागलंच होतं, व्याकरणकारांनी फक्त शेवटचा धक्का दिला. असेल. पण निकाल लागला तो तर्कापेक्षा शिष्टपणाच्या बाजूने. एकट्या माणसाला अनेकवचनी क्रियापद कायमचं चिकटलं. ‘यू आर’ म्हणजे आपलं ‘तुम्ही आहात’च. समोरच्याला आदरार्थी बहुवचन सक्तीचं आणि ज्याच्याविषयी बोलतोय त्याला मनाई, अशी ही अर्धीमुर्धी व्यवस्था आहे. ‘फादर आर’ला लाल रेघ मारावीच लागते, पण ती ओढताना पोराला अडाणी ठरवायचं कारण नाही.

हे व्याकरण आपल्याकडे आलं ते मुंबई इलाख्यातल्या शाळांमधून. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इंग्रजी आठवीवर नेलं. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं गेलं आणि नंतरच्या पिढ्या त्या राज्याच्या अभ्यासक्रमाने शिकल्या. आधी पाचवीपासून इंग्रजी होतं, २००७ पासून ते सरकारी शाळांत पहिलीपासून आलं. वर्षं वाढली, पण दरम्यान पाठ्यपुस्तकांनी संवाद आणि उताऱ्यांवर भर दिला आणि रूपांचा तक्ता मागे पडला. तक्ता शोधायचा तर १९३०च्या दशकात दोन इंग्रजांनी लिहिलेलं लाल पुठ्ठ्याचं व्याकरण अजून दुकानात मिळतं. क्लासवाले त्यातलेच स्वाध्याय घालतात.

यात एक समजूत उगाच रूढ झाली आहे. मराठीत ‘रामाने पोळी खाल्ली’, क्रियापद पोळीच्या मागे जातं. म्हणून मराठी पोरांना कर्त्याच्या मागे जाणारं क्रियापद जड जातं, असं सांगतात. पुण्याकडे ते लागू पडत असेल. सीमाभागात ‘मी सांगितलो’ सर्रास ऐकू येतं आणि मुलीही बिनदिक्कत ‘मी आलो’ म्हणतात. कानडीत क्रियापद भूतकाळातही कर्त्यालाच धरून असतं आणि ‘नानु बंदे’ बाई म्हणो की पुरुष, रूप एकच. हा त्या शेजाराचा परिणाम मानतात. म्हणजे क्रियापदाने कर्त्याकडे बघायचं असतं हे इथल्या पोराच्या अंगवळणी पडलेलं आहे; मराठीच्या तासाला मात्र हीच सवय अशुद्ध म्हणून खोडली जाते. इंग्रजीच्या तासाला तिचा उपयोग करून घेतला, तर फक्त आदराचं अनेकवचन वेगळं काढून दाखवायचं उरतं.

इंग्रजीत दरम्यान तोच वाद ‘दे’वर येऊन ठेपला आहे. बाई की पुरुष हे ठाऊक नसलेल्या एका माणसासाठी ‘दे’ चौदाव्या शतकापासून वापरात आहे. व्याकरणकारांनी तिथे ‘ही’ बसवला आणि १८५०च्या ब्रिटिश कायद्याने कायद्याच्या भाषेत पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरल्या. २०१९ मध्ये मानसशास्त्राच्या एका मोठ्या अमेरिकी संस्थेच्या लेखनपुस्तिकेने एकट्या व्यक्तीसाठी ‘दे’ला मान्यता दिली. क्रियापद अर्थात ‘आर’च राहिलं. बेळगावच्या क्लासमधल्या फळ्यावर अजून ‘दे’च्या पुढे ‘अनेक’ असंच लिहितात.