अठ्ठाविसाहून लहान एकोणतीस

कोकणात अजून कुणाकुणाच्या पडवीत रॉडच्या ब्रेकची काळी सायकल उभी असते. तिच्या टायरवर २८ × १ १/२ असे उठवलेले असते. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने आपली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल, शेजारी टेकवली, की तिच्या टायरवर २९ × २.२५ दिसते. आता दोन्ही टायर उतरवून नुसती रिम रिमवर ठेवून बघा. आजोबांच्या २८ची रिम नातवाच्या २९पेक्षा १३ मिलिमीटरने मोठी भरते.

डोंगरी सायकल २७.५ इंची चाकांची घ्यावी की २९ची, हा वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे कधी करून पाहिलेले नसते. आकड्याचा सगळा घोळ मात्र इथूनच सुरू होतो. जुन्या रिवाजात इंच रिमचे नसत, हवा भरलेल्या टायरचे असत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. काळ्या सायकलची रिम टायर बसतो तिथे ६३५ मिमी. तिच्यावर दोन्ही बाजूंनी सुमारे ३८ मिमीचा टायर चढला की ७११, म्हणजे २८ इंच. हार्डटेलची रिम ६२२, पण टायर ५७ मिमीचा, म्हणून बेरीज ७३६ आणि नाव २९. हीच ६२२ची रिम रस्त्यावरच्या रेसिंग सायकलला ७००सी म्हणून लागते आणि जर्मनीत तिला आजही २८ इंची म्हणतात. एकच लोखंड, तीन नावे.

२६चे प्रकरण याहून वाईट. २६ × १ ३/८ची रिम ५९०, २६ × १ १/२ची ५८४ आणि डोंगरी सायकलच्या २६ × २.१२५ची ५५९. तिन्ही सव्वीसच. यातली मधली, ५८४ची, फ्रेंच मापात ६५०बी, आणि तीच पुढे २७.५ म्हणून नव्या कोऱ्या शोधासारखी विकली गेली. अपूर्णांकात लिहिलेले माप आणि दशांशात लिहिलेले माप एकमेकांच्या जागी चालत नाही, हा नियम कारागिरांना तोंडपाठ असतो, गिऱ्हाइकाला नसतो. मलाही नव्हता. तालुक्याच्या बाजारातून मी एकदा २६चा टायर घेऊन आलो. तो इतका अलगद बसला की तेव्हाच शंका यायला हवी होती. दहाएक पाउंड हवा गेली आणि ट्यूब एका बाजूने फुग्यासारखी बाहेर आली. टायर ५९०चा, रिम ५५९ची. तेव्हापासून इंच वाचत नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ५४-५५९ किंवा ५७-६२२ अशी जोडी असते, ती वाचतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिम. बाकी सगळी जाहिरात.

मग डोंगरी सायकलला २६ आली कुठून? मोजूनमापून कुणी निवडली नाही. अमेरिकेत १९३३ साली पोराटोरांच्या दणकट सायकलींसाठी फुगीर टायर निघाले, ते २६ × २.१२५. चाळीसेक वर्षांनी, १९७६च्या सुमारास, कॅलिफोर्नियात टॅमलपाइस डोंगराच्या कच्च्या उतारावर काही तरुण शर्यती लावू लागले. उतरणीवर टिकतील अशा जुन्या सायकली भंगारात मिळत होत्या, त्या हीच चाके घेऊन आल्या. फिनलंडहून ६५०बीचे जाड टायर आणून कुणी कुणी सायकली बांधल्याही, पण पुरवठा भरवशाचा नव्हता. १९८१ नंतर कारखान्यांतून सायकली निघू लागल्या तेव्हा हातात २६च होती. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘रेंजर’ आली तीही २६. गिअर नाही, सस्पेन्शन नाही, पण जाड टायर आणि सरळ हँडल. गावात त्या घडणीच्या कुठल्याही सायकलला लोक रेंजरच म्हणत. हार्डटेल हा शब्दसुद्धा मागाहूनचा. मागच्या चाकालाही सस्पेन्शन आले, तेव्हा फक्त पुढच्या फोर्कला सस्पेन्शन असलेल्या सायकलला वेगळे नाव लागले.

२९साठी पहिला खराखुरा रुंद टायर १९९९ साली बाजारात आला. सुरुवातीला हसेच झाले. फोर्क मिळेनात, लांब तारांची चाके लवकर आऊट होत, म्हणजे वाकडी फिरत, बुटक्या माणसाला फ्रेम बसत नसे. एका गोष्टीकडे मात्र बऱ्याच जणांनी दुर्लक्ष केले, ती म्हणजे गिअर. चाक ११ टक्क्यांनी मोठे झाले की पेडलपाशी असलेले ३२ दातांचे चेनव्हील पायाला ३५-३६ दातांसारखे जड लागते. कोकणातले चढ लांब नसतात, पण उभे असतात. खाडीपासून सड्यावर चढणारी घाटी दोन-तीन किलोमीटरची, मधे सपाटी नाही. जुने चेनव्हील ठेवून २९ घेतलेले लोक इथे सायकल ढकलतच वर जात आणि दोष चाकाला देत. पुढे एकच छोटे चेनव्हील आणि मागे ११ चकत्या, ही रचना २०१२ साली आली, तेव्हा हा प्रश्न बराचसा मिटला.

मोठे चाक अडथळ्यावरून सहज जाते हे खरे, पण किती सहज? पाखाडीची १० सेंटिमीटरची पायरी धरा. २६चे चाक तिला सुमारे ४६ अंशांत भिडते, २९चे ४३ अंशांत. तीन अंशांचा फरक. जाणवतो, नाही असे नाही. पण दुकानात सांगतात तेवढा नाही.

मग आले २०१२. लंडन ऑलिंपिकच्या पुरुषांच्या डोंगरी सायकल शर्यतीत सुवर्ण २९वर गेले, रौप्य २७.५च्या हार्डटेलवर, आणि दोघांत अंतर एका सेकंदाचे. त्या एका सेकंदातून ज्याला जे हवे ते त्याने काढले. पुढच्याच वर्षी जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एकाने जाहीर केले, की २०१४च्या सायकलींत २६ सोडून २७.५ धरणार. बाकीचे मागोमाग गेले. २६ची चपळाई आणि २९ची धाव, दोन्हींचा मध्य, असे सांगितले गेले. नावावरून ते पटतेही. आता मापे बघा: ५५९, ५८४, ६२२. २६पासून २७.५ फक्त २५ मिमीवर, तिथून २९ आणखी ३८ मिमीवर. मध्य कसला, सव्वीसचीच सख्खी बहीण! तेवढ्यासाठी चांगल्या चालत्या फ्रेम, फोर्क, चाके एका हंगामात जुनी ठरली. उत्पादकांची बाजूही आहे: तीन-तीन मापांचे साचे, टायर, फोर्क सांभाळणे महाग पडते, एकाला जावेच लागणार होते. पण गेले ते माप गावागावांत मिळणारे होते, हे इथे राहणाऱ्याला विसरता येत नाही.

पुढच्या दहा वर्षांत तर २७.५च मागे पडली. आज अनेक कंपन्या ती फक्त लहान फ्रेमला देतात, मोठ्या फ्रेमला २९. पुढे २९ आणि मागे २७.५ अशी मिश्र जोडी २०१९पासून जागतिक स्पर्धांत चालते. ती उतारावरच्या शर्यतींची गरज, हार्डटेलवाल्याने तिच्यामागे धावायचे फारसे कारण नाही.

या सगळ्या गदारोळात खरा बदल रुंदीने केला. २.१ इंचांवरून २.३५वर गेले की टायरच्या पोटातली हवा जवळजवळ चौथ्या हिश्श्याने वाढते, आणि मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलला तीच हवा सस्पेन्शन. जांभ्याच्या कातळावर त्याचा अर्थ कळतो. कमी हवेने ट्यूब चालवली तर ती दगडाच्या कडेवर रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. ट्यूबलेसमध्ये २२-२५ पाउंडांवर निभते. ओहोटीला गुहागर किंवा दिवेआगरच्या ओल्या, घट्ट पुळणीवरून जायचे तर त्याहूनही कमी. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचे, विशेषतः तारांची टोके. तारा रिमला आवळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या निपल खाऱ्या हवेत गोठतात आणि आऊट काढायला गेले की किल्लीखाली कुस्करतात. पितळेच्या थोड्या जड, पण फिरतात.

टायरची ऑर्डर आता फोनवरून जाते आणि चार दिवसांत येते. वाटेत मात्र टपरीवर जे असेल ते. २७.५च्या चाकात २६ची ट्यूब ताणून बसते, २९मध्ये २७.५ची. २६ × २.१२५ अजून खुंटीला टांगलेली असते, कारण शाळेतल्या पोरांच्या सायकली तीच घेतात.