दोन दिवस नाशिकात, सहकुटुंब: गाडीत बसण्याआधी वाचून घ्या

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे गाडी एकच आहे, वीस सीटची. सोमवार ते शुक्रवार ती सातपूरच्या एमआयडीसीत कामगारांची ने-आण करते आणि शनिवार-रविवारी तुमच्यासारख्या पाहुण्यांना घेऊन नाशिक फिरते. गाडी मी चालवतो. माहिती बायको सांगते, ती पूर्वी शाळेत इतिहास शिकवायची. काय खायचं, कुठे आणि किती वाजता, हे खातं आईचं. त्यात आम्ही दोघं तोंड घालत नाही.

सुरुवातीच्या वर्षी आम्हीही दोन दिवसांत अकरा ठिकाणं दाखवायचो. वणी, येवला, शिर्डी, सगळं. रविवारी संध्याकाळी उतरताना एका आजींनी विचारलं, "बाळा, सगळं झालं, पण नाशिक कधी पाहिलं रे आपण?" त्या रात्री आम्ही यादी फाडली. आता मुख्य ठिकाणं पाच आहेत, आणि सहल आखली आहे ती पोट आणि गुडघे या दोन गोष्टी धरून. ज्यांना जास्त ठिकाणांचे फोटो हवेत त्यांनी दुसरी गाडी बघावी, आम्हाला राग नाही.

शनिवार सकाळ: आधी डोंगर, मग मिसळ

मुंबईची मंडळी शुक्रवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं आलेली बरी. शनिवारी सकाळी सातला नाशिकरोड स्टेशनबाहेरून आणि साडेसातला सीबीएसहून (शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून) तुम्हाला उचलतो. गाडीत चहा, केळी आणि बिस्किटं मिळतील. पोटभर नाश्ता तेव्हा मुद्दामच देत नाही. कारण पहिलं ठिकाण पांडवलेणी, आणि तिथे पायऱ्या चढायच्या आहेत. मिसळ खाऊन पायऱ्या चढवण्याचा प्रयोग आम्ही एकदा केला आहे. पुन्हा करणार नाही.

मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावरची ही 24 लेणी. पांडवांशी त्यांचा संबंध नावापुरताच, लेणी बौद्ध भिक्खूंची आहेत. 18 क्रमांकाचं चैत्यगृह (भिक्खूंचं प्रार्थनागृह) आणि 3 क्रमांकाचं लेणं सगळेच बघतात. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा कोरीव लेख या 3 क्रमांकाच्या लेण्यात आहे. बायको मात्र तुम्हाला सर्वांत जास्त वेळ 10 क्रमांकाच्या लेण्यात बसवते. तिथे क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं भिक्खूंसाठी 3000 कार्षापणं (तेव्हाची चांदीची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (म्हणजे व्यवसाय-संघांकडे) ठेवली. त्यातली 2000 महिना शेकडा एक व्याजानं, उरलेली 1000 महिना शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, व्याजातून भिक्खूंना चीवरं (वस्त्रं) आणि किरकोळ खर्च. म्हणजे जवळजवळ 1900 वर्षांपूर्वीची एफडी, आणि तिचा व्याजदर दगडात कोरलेला! बँकेतून निवृत्त झालेले एक काका इथे अर्धा तास हलले नाहीत. बारा टक्के आणि नऊ टक्के असे वार्षिक दर काढून ते म्हणाले, "आमच्या शाखेपेक्षा बरे."

ज्यांना चढायचं नाही त्यांनी पायथ्याच्या दादासाहेब फाळके स्मारकाच्या बागेत बसावं. आई तिथे सोबतीला असते.

दहाच्या सुमारास मिसळ. हॉटेलचं नाव इथे छापत नाही, कारण आई दर महिन्याला चव बघून ठरवते. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची. मोड आलेली मटकी, वर शेव-फरसाण, बाजूला रस्सा, तर्री, कांदा, लिंबू, दही आणि पापड. पुण्याची मंडळी पहिल्यांदा ताट बघून विचारतात, "पोहे कुठायत?" नाहीत. बटाट्याची भाजीही नाही. रस्सा एकदम ओतू नका, थोडा थोडा घ्या, म्हणजे शेव शेवटपर्यंत कुरकुरीत राहते. पापड चुरून वर घाला. रस्सा पुन्हा मागायला लाजू नका, नाशिकात रस्सा न मागणाऱ्याकडेच वाढपी संशयानं बघतो. लहान मुलांना मटकीवर दही घालून देतो, आणि नंतर जिलबी असतेच.

यानंतर दुपारी चारपर्यंत मुक्कामी विश्रांती. हा कार्यक्रमाचा भाग आहे, आम्ही वेळ वाया घालवतोय असं समजू नये.

शनिवार संध्याकाळ: गंगेवर

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. "जरा गंगेवर जाऊन येतो" म्हणजे तो हरिद्वारला निघालेला नाही, हे पाहुण्यांनी लक्षात ठेवावं. पंचवटीच्या गल्ल्यांत गाडी जात नाही. काठावर उतरून थोडं चालावं लागतं. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी रिक्षा करतो, तिचे पैसे आमच्याकडे.

काळाराम मंदिर आधी. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ बघायला सगळेच येतात. पण दारात उभं राहून आम्ही आणखी एक तारीख सांगतो: 2 मार्च 1930. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह त्या दिवशी इथे सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. मुलांनी हे दार बघताना ते ऐकावं असं आम्हाला वाटतं. सीतागुंफेत वाकून, जवळजवळ बसून उतरावं लागतं. गुडघेदुखी किंवा दमा असेल तर बाहेरच थांबा.

मग रामकुंड. मुलांना इथे दोन कामं देतो. कपालेश्वर महादेवासमोर नंदी शोधायचा (सापडणार नाही, का ते देवळात सांगू), आणि घाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते बघायचं. पावसाळ्यात अख्खं नाशिक पूर मोजतं ते याच मारुतीवर: पायाला, कंबरेला की छातीला? जवळच नारोशंकराचं देऊळ, 1747 मधलं. वसई जिंकल्यावर मराठ्यांनी आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. सूर्यास्ताला गोदाआरती बघून निघतो.

रात्री शेवभाजी, वांग्याचं भरीत, भाकरी. मुलांना आणि शनिवारी उपास करणाऱ्यांना काय हवं ते सकाळीच सांगा. साबुदाणा भिजायला वेळ लागतो.

रविवार: त्र्यंबक आणि द्राक्षं

पहाटे साडेपाचला निघतो, आणि इथे आमचा नाइलाज आहे. त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटरवर, पण सुट्टीच्या दिवशी उन्हं वर आली की रांग वाढते. लवकर गेलात तरी रांग असेलच. पाणी जवळ ठेवा, आजी-आजोबांसाठी देणगी दर्शनाचा पास घ्यायचा तर तो खर्च ज्याचा त्याचा. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेल्या या देवळातली पिंड इतर ठिकाणांसारखी उंच नाही. खोलगट जागेत अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत. पायऱ्या उतरल्यावर लगेच वर-खाली बघू नका, पिंड दिसावी म्हणून लावलेल्या आरशात बघा. कुशावर्त कुंडावर पाय धुऊन मग शांतपणे चहा. भारतीय सिनेमाचे जनक फाळके याच गावचे, जन्म 1870. काल ज्यांच्या बागेत बसलात ते हेच.

श्रावणात आम्ही त्र्यंबक करत नाही. तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीच्या आसपास तर गाडी त्या रस्त्यावर नेतच नाही. त्याऐवजी सोमेश्वर आणि तिथला धबधबा.

जानेवारी ते मार्च आलात तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या द्राक्षबागेत नेतो. इथे एक विनंती कळकळीनं: घडाला हात लावू नका. मण्यावर जो पांढुरका थर दिसतो तो द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं. बोट लागलं की पुसला जातो, आणि तो घड निर्यातीच्या पेटीत बसत नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग विरळणी, इतक्या मेहनतीनंतरचा तो घड आहे. शेतकरी खायला देतो ती द्राक्षं वेगळी, ती धुऊन पोटभर खा. इतर महिन्यांत बागेत नुसती पानं दिसतील, म्हणून त्या वेळी बाग गाळतो. पुण्याकडे जाणाऱ्यांना परतीच्या वाटेवर सिन्नरचं यादवकालीन गोंदेश्वर दाखवतो. वायनरी बघायची असेल तर मोठ्यांनी आपापली जावी, गाडी वाट बघणार नाही. मुलं बरोबर असताना आम्ही ती सहलीत घेत नाही.

शेवटचा तास मेन रोड आणि भांडी बाजारासाठी. चिवडा, बेदाणे, तांब्याचा तांब्या, ज्याला जे हवं ते. चिवड्याचं पाकीट गाडीत फोडलंत तर शेजाऱ्यालाही द्यावं लागतं, हा गाडीचा एकमेव लेखी नियम आहे. संध्याकाळी उलटा वडापाव खाऊन सुटका. पावात बटाट्याची भाजी भरून अख्खा पावच बेसनात बुडवून तळतात. तो गरम असतानाच खायचा, घरी न्यायचा नाही.

पैसे आणि बाकीचं

दरपत्रक वेगळं जोडलं आहे. प्रवास, दोन्ही दिवसांचं खाणं-पिणं, एका रात्रीचा मुक्काम आणि लेण्यांचं तिकीट त्यात धरलंय. पूजा-अभिषेक, पास आणि खरेदी धरलेली नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला सीट हवी असेल तर अर्धं भाडं, मांडीवर बसवलंत तर काही नाही. नोंदणीला तिसरा हिस्सा आगाऊ. सहलीच्या आधी आठ दिवसांपर्यंत रद्द केलं तर तो पूर्ण परत मिळतो. त्यानंतर मुक्कामाचे पैसे अडकलेले असतात, ते वजा करून उरलेले देतो. सिंहस्थाच्या कामांमुळे किंवा पुरामुळे घाटाकडचा रस्ता बंद असेल तर क्रम बदलेल, तो आदल्या रात्री कळवू.

नोंदणी करताना तीन गोष्टी मात्र नक्की सांगा: घरात कुणाला पायऱ्या जमत नाहीत, कुणाला तिखट चालत नाही, आणि गाडीत कुणाला मळमळतं. मळमळणाऱ्याला ड्रायव्हरमागची खिडकी देतो. ती सीट एकच आहे, जो आधी सांगेल त्याची.