तुर्फानचं भुयारी पाणी

तुर्फानला वर्षभरात पाऊस पडतो सुमारे 16 मिलिमीटर. आपल्या माणदेशात वळवाची एक जोरदार सर याहून जास्त पाणी देऊन जाते. चीनच्या शिनजियांगमधल्या या खोलगट प्रदेशाचा तळ समुद्रसपाटीच्याही 154 मीटर खाली आहे. जुलै 2023मध्ये इथल्या सानबाओत पारा 52.2 अंशांवर गेला होता. तरी रेशीम मार्गावरचे तांडे शतकानुशतकं इथंच उतरत. भारताकडे निघालेल्या ह्युएन त्संगला इथल्या गाओचांगच्या राजानं कायमचं ठेवून घ्यायचा घाट घातला, तेव्हा त्याला अन्नत्याग करून सुटका करून घ्यावी लागली!

पाणी आहे ते उत्तरेला, तिएनशान पर्वतावर, बर्फाच्या रूपात. बर्फ वितळला की ते पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरतं. उघड्या पाटानं गावापर्यंत आणावं, तर वाटेत निम्मंशिम्मं वाळू आणि ऊनच पिऊन टाकणार. म्हणून ते जमिनीखालूनच आणलं जातं. या भुयारी पाटाला इथले उइगुर लोक कारेझ म्हणतात.

कारेझमध्ये पंप नाही, रहाट नाही, सगळा खेळ उताराचा. डोंगराकडे एक खोल विहीर पाणी लागेपर्यंत खणायची आणि तिथून गावाकडे भुयार काढायचं. जमीन झपाट्यानं उतरत जाते, भुयाराला मात्र जेमतेम पाणी सरकेल इतकाच ढाळ द्यायचा. त्यामुळे काही किलोमीटरवर जमीनच खाली येऊन भुयाराला भेटते आणि पाणी आपसूक उघड्यावर येतं. ढाळ जास्त झाला तर पाणी भुयाराच्या भिंती खातं, कमी झाला तर गाळ बसतो. वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी असतात. माती उपसायला, हवा यायला आणि पुढे साफसफाईला उतरायला. अंधारात खणणारा माणूस एका रेषेत टांगलेल्या दोन दिव्यांवरून दिशा धरायचा. ही माणसं अभियंता म्हणवून घेत नसत, पण काम अभियंत्याचंच.

ही विद्या इराणातून आली की इथंच जन्मली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. छत्रपती संभाजीनगरकरांना ती परकी वाटणार नाही. मलिक अंबरनं सतराव्या शतकात बांधवलेली नहर-ए-अंबरी याच कुळातली.

कारेझच्या पाण्यावर द्राक्षं पिकतात आणि जाळीदार विटांच्या खोल्यांत, सावलीतच, नुसत्या गरम वाऱ्यावर सुकून त्यांचे हिरवे बेदाणे होतात.

तुर्फानमध्ये एकेकाळी हजाराहून अधिक कारेझ होते. आता त्यातले काहीशेच वाहतात. भूजल जितकं भुयारात झिरपेल तितकंच कारेझमधून येतं, त्याहून थेंबभर जास्त ओढता येत नाही. बोअरला ही अट नाही. विजेच्या पंपांनी भूजलाची पातळी भुयाराच्या खाली गेली की वरच्या टोकाची विहीरही कोरडी पडते. मग कारेझ जिवंत ठेवायचा तर भुयार डोंगराच्या दिशेनं आणखी मागं खणत न्यावं लागतं.