पंधरा फेऱ्यांचे विजेते, बारा फेऱ्यांचे विजेते

रविवारी सकाळी लास वेगासची लढत संपली की संभाजीनगर, परभणी, नांदेडकडच्या बॉक्सिंगवाल्यांत जुने मोठे की नवे हा वाद पेटतो. आपली पोरं तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या खेळतात, म्हणून व्यावसायिकांना तोलतानाही नजर हाताच्या वेगावर आणि पराभवांच्या रकान्यावर जाते. लढत किती फेऱ्यांची होती, हे क्वचितच कोणी विचारतं.

ग्लोव्ह्जचे नियम १८६७चे. पुढे न्यूयॉर्कमध्ये काही वर्षं निकाल जाहीर करायलाच बंदी होती, त्यामुळे तेव्हाच्या कित्येक लढती आजही ‘निर्णय नाही’ म्हणूनच नोंदल्या आहेत. नंतर विजेतेपदासाठी पंधरा फेऱ्या रूढ झाल्या.

नोव्हेंबर १९८२मध्ये लास वेगासला लाइटवेट विजेतेपदाच्या लढतीत कोरियन आव्हानवीर चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांत दगावला. विजेतेपद देणाऱ्या संघटनांपैकी एकीने लगेच फेऱ्या बारावर आणल्या. दशक संपेपर्यंत बाकीच्याही आल्या. जीव वाचवण्यासाठी घेतलेला हा निर्णय होता आणि त्यावर बोट ठेवणं अवघड आहे. पण त्याने खेळाचं एक अंगच कापलं गेलं. तेराव्या फेरीत जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकून परतणारा हात हनुवटीशी न येता छातीशी राहतो, टाचा जमिनीला टेकतात. पाचव्या-सहाव्या फेरीपासून बरगड्यांवर मारलेल्या ठोशांचं फळ मिळतं ते इथेच.

१९५२ची फिलाडेल्फियातली हेवीवेट लढत घ्या. बाराव्या फेरीअखेर आव्हानवीर तिन्ही पंचांकडे मागे होता. तेराव्यात एक उजवा बसला आणि विजेता आडवा झाला. हाच आव्हानवीर पुढे ४९ विजय, शून्य पराभव घेऊन निवृत्त झाला. बारा फेऱ्या असत्या तर ते शून्य राहिलंच नसतं. १९८१च्या वेल्टरवेट लढतीतही तिन्ही पंचांकडे पुढे असलेला उंच बॉक्सर चौदाव्या फेरीत हरला. उलट १९८७मध्ये पुनरागमन करणाऱ्या आव्हानवीराने मिडलवेट विजेत्याकडून बारा फेऱ्या मान्य करून घेतल्या. दोन पंचांनी आव्हानवीराला ११८-११० आणि ११५-११३ दिले, तिसऱ्याने विजेत्याला ११५-११३. त्या निकालावर अजून एकमत नाही. म्हणून आजचा ५०-० आणि तेव्हाचा ४९-० शेजारी ठेवणं म्हणजे मातीतली आणि मॅटवरची कुस्ती एकाच गुणतक्त्यावर मोजणं.

वजनाचंही तसंच. पूर्वी ते लढतीच्याच दिवशी होई, आता आदल्या दिवशी होतं. वेल्टरवेटच्या १४७ पौंडांवर, म्हणजे ६६.७ किलोवर उतरलेला बॉक्सर रात्रीतून पाणी भरून काही किलो जड होऊन रिंगणात येतो.

जुन्या लढतीचं स्कोअरकार्ड मिळालं तर बाराव्या फेरीखाली रेघ मारून बेरीज करावी. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकदा पडला तर बहुधा ८. १९५२च्या त्या लढतीत मात्र गुण नव्हते, जिंकलेल्या फेऱ्या मोजल्या होत्या. त्यांचे गुण करू नयेत. आणि रेघेवरचा आकडा अंतिमही धरू नये, कारण पंधरा फेऱ्या माहीत असलेला बॉक्सर सातव्या-आठव्यात मुद्दाम दम राखून खेळत असे.